तिनं घेतलं तेच द्या

प्रिय चंद्राआत्या,

सविनय जय भीम.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय आणि एक ओळ सोडून लिहितेय. दुपारी कामावरून आल्यावर, चष्मा लावून, दाराच्या उजेडात बसून तू हे स्वतः वाचायचंस. आयुषकडे देऊ नकोस. तो तुझा मुलगा आणि माझा लाडका भाऊ असला तरी त्याला सगळं मोठ्यानं वाचायची खोड आहे, आणि मधेमधे स्वतःचं काहीतरी घुसडायची त्याहून मोठी. एका बैठकीत होणार नाही. होऊ दे चार दिवस. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू माझं ऐकून कुठे घेतेस? "बरी हाय, जेवलीस का, ठिवते," एवढ्यात तुझं संपतं. म्हणून पत्र. पाकीट आणायला गेले तर पोस्टातल्या बाईंनी विचारलं, कुठे पाठवायचंय? म्हटलं, वाघोलीला. त्या म्हणाल्या, "चंदननगरहून वाघोलीला? मग बसनं जा की, पत्राआधी पोचाल." त्यांनी बहुतेक नगर रोडचं ट्रॅफिक पाहिलेलं नाही.

आधी घरची बातमी सांगते. पप्पांनी ओळखीच्या वेल्डरकडून भिंतीएवढी लोखंडी मांडणी करून आणली, खास माझ्या पुस्तकांसाठी. आई दोन दिवस धुसफुसत होती. "पुस्तकं ऐसपैस बसणार आणि माझी परात पलंगाखाली," असं येईल त्याला ऐकवत होती. मग तिसऱ्या दिवशी तिनंच फडकं घेतलं आणि एकेक पुस्तक पुसून माझ्या हातात द्यायला लागली. सगळ्यात वरचा कप्पा तुझा आहे. तू दिलेली सगळी पुस्तकं तिथे ओळीनं लावली, ज्या वर्षी जे आलं त्या क्रमानं. आईला तो क्रम माझ्यापेक्षा चांगला पाठ निघाला. वाचता तिला फारसं येत नाही, पण कव्हर बघून "हे तुला गोवर झाला तेव्हाचं," "हे आपण पत्रे बदलले त्या सालचं," असं ती सांगत होती.

ती ओळ लावताना मला तुझी पुस्तक घ्यायची रीत आठवत राहिली. एक जानेवारीला आपण सगळे कोरेगावला स्तंभाला वंदन करायला जायचो. तिथून निघताना सगळे बसची घाई करायचे आणि तू एकटी पुस्तकांच्या स्टॉलकडे वळायचीस. मी पहिल्यांदा तिथे गेले ती आईच्या कडेवर, आणि त्याही वर्षी तू माझ्यासाठी पुस्तक घेतलंस म्हणे. पप्पा म्हणाले होते, "आक्का, तिला दात तरी येऊ देत." त्यावर तू म्हणालीस, "पुस्तक चावायचं न्हाई, वाचायचं असतंय." हे आपल्या घरात इतक्यांदा सांगून झालंय की मला ते प्रत्यक्ष ऐकल्यासारखंच वाटतं.

तू चौथी शिकलेली. दुकानांच्या पाट्या वाचतेस, बसचं नाव वाचतेस, पेपरातलं मोठं मोठं वाचतेस. पण त्या स्टॉलवर शेकडो पुस्तकं मांडलेली, माणसांची रेटारेटी, आणि विकणारा विचारणार, "मावशी, कोणतं देऊ?" मी एकदा तुला म्हटलं होतं, आत्या, तुला तर वाचता येतं. तू म्हणालीस, "वाचाया येतंय गं मला. निवडाया येत न्हाई." म्हणून तू तुझी युक्ती काढलीस. स्टॉलच्या कडेला उभं राहायचं आणि पोरींकडे बघायचं. नुसतं कव्हर बघून ठेवणारी नको. फोटो काढणारी तर नकोच. जी पुस्तक उलटं करून मागचं वाचते, ती खरी. अशी पोरगी सापडली की तिच्यावर नजर ठेवायची, आणि तिनं पैसे दिले की पुढे होऊन म्हणायचं, "तिनं घेतलं तेच द्या. माझी भाची अमुक इयत्तेत हाय." इयत्ता तू इतक्या मोठ्यानं सांगायचीस की मी लाजून आईच्या मागे लपायचे. मी पास झाले हे तुला त्या सगळ्या गर्दीला कळवायचं असायचं.

आता त्या पोरी पुस्तकं घ्यायच्या स्वतःसाठी. त्यामुळे माझ्याकडे काय काय आलं, ते आज ओळीनं बघितल्यावर मी आणि आई पोट धरून हसलो. तिसरीत असताना कुळकायद्यावरचं. मी त्यातला 'वहिवाटदार' हा शब्द न अडखळता वाचला, तर पप्पांनी शेजारच्यांना बोलावून तो पुन्हा वाचायला लावला. अर्थ एकालाही माहीत नव्हता, पण शेजारच्या काकूंनी मला लिमलेटची गोळी दिली. सातवीत विमाव्यवसायाच्या तत्त्वांवरचं. आणि दहावीच्या ऐन वर्षी नवजात बालकांच्या संगोपनाचं. ती पोरगी नर्सिंगची असणार. पप्पांनी ते बघून कपाळाला हात लावला होता. "आक्का, हिची दहावी हाय यंदा." तू म्हणालीस, "मग? दहावीनंतर जग संपतंय व्हय?"

आत्या, मी ती सगळी वाचली. हे तुला कधी नीट सांगितलं नव्हतं. शाळेची सोडली तर घरात दुसरी पुस्तकंच नव्हती, त्यामुळे आवडतं की नाही असा प्रश्नच आला नाही. समजलं तेवढं वाचलं, न समजलेलं तसंच वाचलं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा वाचलं. आज माझ्या ऑफिसातली पूर्णिमा म्हणते, पुस्तक पहिल्या वीस पानांत आवडलं नाही तर मी सोडून देते. मला सोडताच येत नाही. शेवटच्या पानावरचा छापखान्याचा पत्तासुद्धा मी वाचते. कुठलंही पुस्तक हातात आलं तरी आत कुणीतरी माणूस काहीतरी सांगत बसलेला आहे, थांबून ऐकावं, असं वाटतं. ही सवय मला कुळकायद्यानं लावली. आणि खराडीतल्या विम्याच्या कंपनीत मुलाखतीला गेले तेव्हा त्या सरांनी विचारलं, विमा म्हणजे काय ते सोप्या मराठीत सांगता येईल? मी सातवीतल्या पुस्तकातलं सांगितलं. अनेकांनी थोडं थोडं बाजूला ठेवायचं, ज्याच्यावर संकट येईल त्याच्या ते कामी यायचं. त्यांनी विचारलं, "कॉमर्सच्या का तुम्ही?" म्हटलं, नाही सर, बी.ए. मराठी. नोकरी लागल्याचे पेढे तू जिथे स्वयंपाकाला जातेस त्या सगळ्या कॅन्टीनला वाटलेस, पण ती नोकरी कुणामुळे लागली हे तुला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक असू दे.

एकच पुस्तक त्या ओळीत वेगळं आहे. पाचवीतलं, 'आकाशातला शेजार'. पातळसं, चित्रांचं, चांदण्या कशा ओळखायच्या ते सांगणारं. ते घेऊन आलीस तेव्हा तू नाराज होतीस. म्हणालीस, "आधी त्या पोरीच्या हातात चांगलं जाडजूड हुतं. मग ठिवलं आन हे एवढंसं उचललं. पैशे कमी पडलं असतील बिचारीला." तुला वाटलं, यंदा भाचीवर अन्याय झाला. मी मात्र ते पुस्तक उशाशी घेऊन झोपायचे. शेजारच्यांच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून मी आणि आयुषनं सप्तर्षी शोधून काढले, ते त्याच पुस्तकाच्या जोरावर. शाळेबाहेरचं जग माझ्यासाठीही आहे असं मला पहिल्यांदा त्यातून वाटलं. या पुस्तकाबद्दल पुढे आणखी सांगायचंय, तेवढं लक्षात ठेव.

आता माझं वाचन कसं चाललंय ते सांगते. तू विचारत नाहीस, पण आयुषकडून काढून घेतेस हे मला माहीत आहे. सकाळी बसमध्ये जागा मिळाली तर बसून आणि नाही मिळाली तर दांड्याला कोपर अडकवून वाचते. पुस्तकात खूण म्हणून बसचं तिकीट. हातात पेन्सिल, कारण समासात काहीतरी लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. महिन्यातून एका रविवारी पूर्णिमा आणि मी अप्पा बळवंत चौकात पुस्तकं बघायला जातो. मग मंडईत भाजी घेऊन घरी, म्हणजे आईला वाटतं मुख्य काम भाजीचं होतं. मागच्या खेपेला एका दुकानात मी पुस्तक उलटं करून मागचं वाचत उभी होते. काउंटरवरचे आजोबा वर न बघता म्हणाले, "सगळं इथेच वाचून होणार असेल तर खुर्ची देऊ का?" पूर्णिमा म्हणाली, "द्या, आणि चहापण सांगा." आजोबांनी काही खुर्ची दिली नाही, पण पुस्तक बांधून देताना तिला म्हणाले, "चहा घरी जाऊन घ्या. पुस्तकावर सांडू नका." त्या दिवशी एका निवृत्त नर्सबाईंच्या आठवणी घेतल्या, आणि एक जुना कथासंग्रह, ज्यात पहिल्या पानावर कुणीतरी कुणाला तरी लग्नाच्या शुभेच्छा दिल्या आहेत. नर्सबाईंचं पुस्तक फार चांगलं आहे. वाचताना दहावीतल्या संगोपनाच्या पुस्तकातले शब्द ओळखीचे निघाले. बाळाला गुंडाळायची रीत त्यांनी जशी सांगितलीय तशी मला आधीच माहीत होती.

वाचून झालं की त्याबद्दल मी इन्स्टाग्रामवर लिहिते. त्या पेजचं नाव 'मलपृष्ठ', म्हणजे पुस्तकाची मागची बाजू. फार लोक वाचत नाहीत. पूर्णिमा, तिची बहीण, माझ्या कॉलेजच्या एक बाई, अनोळखी थोडे, आणि आयुष. पुस्तकाला गुण म्हणून पाचपैकी इतक्या चांदण्या असलं काही मी देत नाही. शेवटी एकच ओळ लिहिते, हे पुस्तक कुणाला द्यावं. नर्सबाईंचं पुस्तक, पहिल्यांदा बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलीला आणि तिच्या घाबरलेल्या नवऱ्याला. असं. ही ओळ लिहिण्यासाठी मी कधीकधी पुस्तकापेक्षा जास्त वेळ घेते. पुस्तक हे कुणीतरी कुणाला तरी देण्याची गोष्ट आहे, हे माझ्या डोक्यात तुझ्यामुळेच पक्कं बसलंय.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढी वळणं घेतेय तिथे येते. दिवाळीनंतर मी 'पहाट तुमची, यश तुमचं' या पुस्तकाबद्दल लिहिलं. ते अकरावीत तू दिलेलं. मी लिहिलं, लेखक म्हणतात की यशस्वी माणसं पहाटे चारला उठतात. आमच्या गल्लीत सगळेच उठतात. पाणी तेव्हाच येतं. लोकांना ती ओळ आवडली, पहिल्यांदाच पुष्कळ जणांनी ते पुढे पाठवलं. आणि शेवटी, कुणाला द्यावं तिथे मी लिहिलं, 'हे पुस्तक कुणालाही देऊ नये.' आयुषनं ते मोठ्या कौतुकानं तुला वाचून दाखवलं. तू पोळ्या लाटत होतीस, म्हणे. नाव ऐकून तुझा हात थांबला. मग तू एवढंच विचारलंस, "पिवळ्या कव्हराचं ना ते?" आणि लाटायला लागलीस.

मला हे तेव्हा कळलंच नाही. एक जानेवारीला तू आली नाहीस. गुडघा धरलाय, असा निरोप आला. दुसऱ्याच आठवड्यात तू कुणाच्या तरी बारशाला तीन जिने चढून गेलीस, हे आईनं फोटोत बघितलं, तेव्हा मी आयुषला धरलं. त्यानं सांगितलं, मम्मी म्हणते, आता ती शिकलेली. तिला मी काय दिलं आन काय न्हाई, तिचं तिला कळतंय. उगा कशाला वाईट पुस्तकं तिच्या गळ्यात.

आत्या, ते पुस्तक वाईटच आहे. तुला बरं वाटावं म्हणून मी ते खोडणार नाही. खोडलं तर तू मला जे दिलंस तेच खोडल्यासारखं होईल, कसं ते सांगते. त्या वर्षी तुमच्या खोलीचे पत्रे उडाले म्हणून तुम्ही आमच्याकडे राहायला होतात. तू अंधारात उठायचीस. कॅन्टीनची गाडी चौकात यायची. मीही उठून बसायचे, कारण पुस्तकात लिहिलं होतं की उठावं. एका पहाटे मी दिव्याखाली ते वाचत होते आणि त्यात वाक्य आलं, गरिबी ही मनाची सवय आहे, ती आळसातून लागते. मी मान वर केली. तू मोरीपाशी उभी राहून बाटली भरत होतीस. मनगटावर वाफेनं भाजल्याची खूण होती. पायात चपला घालताना तू माझ्याकडे बघून हळूच म्हणालीस, "वाच, वाच. मी आवाज करत न्हाई." आणि दार न वाजवता गेलीस.

तोपर्यंत छापलेलं कधी चुकीचं असू शकतं असं आपल्या घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पुस्तकाला पाय लागला तर आपण ते कपाळाला लावतो. ज्या पुस्तकांसाठी आपल्या माणसांना इतकं झगडावं लागलं, त्यांना नाव ठेवायची हिंमत कुणाची होणार? पण त्या पहाटे माझ्यासमोर एका बाजूला ते वाक्य होतं आणि एका बाजूला तू. मी पेन्सिल घेतली आणि समासात लिहिलं, हे खरं नाही. माझं पहिलं परीक्षण तेच. लेखकाचा फोटो मागे होता, कोटातला, तो रागावेल असंही वाटलं. काही झालं नाही. आई उठली, चहा झाला, पाणी आलं. आज मी जे काही लिहिते ते त्या एका ओळीतून निघालंय. सगळी चांगलीच पुस्तकं मिळाली असती तर मी फक्त माना डोलावणारी झाले असते. म्हणून तुझ्या कप्प्यात ते पिवळं पुस्तकही मानानं आहे. दुसऱ्या कुणालाही ते देऊ नये, हे मी अजून म्हणेन. पण मला मिळालं ते फार बरं झालं.

आता एक जानेवारीचं. तू नव्हतीस, तरी निघताना मी सवयीनं स्टॉलकडे वळले. तेव्हा मला वाटत होतं, आत्याचा गुडघा दुखतोय, तिच्या वाटचं काम मी करावं. एक चांगलं जाडजूड पुस्तक हातात घेतलं, जमीनधारणेच्या इतिहासाचं. कुळकायदा काही सुटत नाही मला. उलटं करून मागचं वाचत होते, तेवढ्यात बाजूला कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. एक बाई होत्या. पांढरी साडी, हातात पिशवी, तुझ्याहून थोड्या मोठ्या असतील. बघत होत्या दुसरीकडेच, पण मी पुस्तक खाली केलं की त्यांची मान माझ्याकडे. मग त्या विकणाऱ्या दादांना हलक्या आवाजात म्हणाल्या, "ती चष्मेवाली घेतीय ना, त्यातलंच एक काढून ठिवा. नात चौथीत हाय माझी."

मला काय झालं ते कसं सांगू? पहिल्यांदा तर हसूच आलं. मग भीती वाटली. चौथीतली एक मुलगी, आणि तिच्यासाठी जमीनधारणा. त्यांना सांगावं का, आजी, हे नका घेऊ? पण सांगितलं असतं तर त्या ओशाळल्या असत्या. चोरून बघत होत्या हे मला कळलं असं त्यांना कळलं असतं. पुढच्या वर्षी त्या स्टॉलकडे वळल्याच नसत्या कदाचित. मी ते जाड पुस्तक सावकाश खाली ठेवलं. मुलांच्या पुस्तकांकडे सरकले. एकेक उलटं करून, नीट मागचं वाचून, मुंग्यांवरचं एक चित्रांचं पुस्तक निवडलं. चौथीतल्या मुलीला पहिलं पान वाचता येईल ना, ते बघितलं. मग पैसे दिले, पिशवीत टाकलं आणि वळून न बघता निघाले. चार पावलांवर गेल्यावर ऐकू आलं, "तिनं घेतलं तेच द्या." आणि मग जरा नाराजीनं, "एवढंसंच घेतलं व्हय तिनं?"

बसमध्ये मुंग्यांचं पुस्तक मांडीवर ठेवून बसले होते, पप्पा बाजूला डुलक्या घेत होते, आणि एकदम मला 'आकाशातला शेजार' आठवलं. आधी हातात जाडजूड होतं. मग ठेवलं आणि हे एवढंसं उचललं. तू तर माझी इयत्ता साऱ्या गर्दीला ओरडून सांगायचीस. आत्या, त्या पोरीला पैसे कमी पडले नव्हते. तिनं तुला बघितलं होतं.

कोण असेल ती? आता चाळिशीकडे झुकली असेल. शिक्षिका असेल, वकील असेल, तिलाही मुलगी असेल. तिच्या घरात कुठेतरी तिला नको असलेलं चांदण्यांचं एक पातळ पुस्तक पडलं असेल, जसं माझ्या मांडणीत आता मुंग्यांचं आहे. पदवीचा कागद घरी आला त्या दिवशी तू तो पदरानं पुसून हातात घेतलास आणि म्हणालीस, "ज्या पोरींच्या मागनं पुस्तकं घेतली त्यास्नी कुठं ठावं असणार." आम्ही हसलो होतो. मला आता वाटतं, एकीला तरी ठाऊक होतं. तू जाऊन उभी राहिलीस म्हणून तिनं हातातलं पुस्तक बदललं. तू घरी बसली असतीस तर ती जाडजूड पुस्तक घेऊन निघून गेली असती, आणि मला चांदण्या मिळाल्या नसत्या. निवडाया येत न्हाई म्हणतेस ना? कुणाच्या मागे उभं राहायचं ते तू दरवर्षी निवडत होतीस, आणि त्यांच्यापैकी एकीला माझ्यासाठी निवडायला लावलंस.

तर आता या पत्राचं कारण. वरच्या कप्प्यात ओळ लावून झाल्यावर शेवटी एका पुस्तकाएवढी जागा उरली. आईनं तिथे फुलदाणी ठेवायला घेतली होती, मी ठेवू दिली नाही. ती या वर्षीच्या पुस्तकाची जागा आहे आणि ते अजून आलेलं नाही. चौदा एप्रिलला स्टेशनजवळच्या पुतळ्यापाशी स्टॉल लागतात. मी सकाळी रिक्षा घेऊन वाघोलीला येते, गुडघ्याचं कारण चालणार नाही, तीन जिन्यांचा फोटो माझ्याकडे आहे. मी तुझ्यासोबत स्टॉलवर येणार नाही. पलीकडे उसाच्या रसाच्या गाडीपाशी थांबेन. तू कडेला उभी राहा, पुस्तक उलटं करून मागचं वाचणारी पोरगी शोध, आणि ती घेईल ते माझ्यासाठी आण. विकणाऱ्याला मोठ्यानं सांग, माझी भाची बी.ए. झालीय. कायद्याचं असो, सिमेंटचं असो, कसलंही असो, मी शेवटच्या पानावरच्या पत्त्यापर्यंत वाचेन. वाईट निघालं तर तसं लिहीन, आणि या वेळी ते आयुषच्या तोंडून नको, मोठ्या अक्षरात लिहून तुलाच आधी पाठवीन. पण पुस्तक मला पाहिजे, आत्या. दरवर्षी पाहिजे.

रिकाम्या जागेवर फुलदाणी न ठेवू देणारी,
तुझीच,
मैत्री